अंगठ्याला बांधलेला धागा

४, मंगळवार

मागाच्या खात्यात होतो तेव्हा पाळी संपली की वहीत लिहायचो, कुठला माग बंद पडला आणि का पडला. तीच सवय. फरक एवढाच की तेव्हा माग बंद पडायचे म्हणून लिहायचो, आता बायको बंद पडत नाही म्हणून लिहितोय.

रात्री उठलो पाणी प्यायला. ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, दिवा चालू, तोंड मागच्या दाराकडे. जशी काही गाडीची वाट बघतेय. म्हटलं, "काय चाललंय?" म्हणे, "झोप येत नाही." म्हटलं, "डोळे मिट, येईल." म्हणे, "मिटून कसं चालेल?" जाऊन पडलो. मी पडलो की मेलो, देवाची कृपा.

परवा पण बसली होती. त्याच्या आधीही. विजेचं बिल काय हिचा बाप भरणार?

७, शुक्रवार

आजही तेच. दिवसभर डोळे लाल, हातातून भांडी पडतात. मला ऐकू येत नाही म्हणून त्रास नाही, पण दिसतं तर. डॉक्टरकडे नेणार नाही. तो आधी नाडी बघेल, मग रक्त मागेल, मग लघवी, आणि शेवटी सांगेल की वय झालं. ते मी फुकट सांगतो.

आम्ही दोघं मागावरची माणसं. माझे दोन्ही कान खात्यातच ठेवून आलो. हिचा डावा थोडा उरला होता, तोही आता नावाला. एकमेकांचे ओठ बघून बोलतो, त्यामुळे भांडायचं असेल तर समोरासमोर यावं लागतं. नाही भांडायचं तर पाठ फिरवली की झालं. घराला घंटी नाही, दिवा आहे. पुढच्या दाराचं बटण दाबलं की माझ्या खाटेवर डोक्यावर लाल दिवा पेटतो. मागच्या दाराला काही नाही. तिकडून येणार कोण, मांजर?

९, रविवार

पोरगी आणि जावईबापू आले. दर रविवारी येतात, चुकत नाहीत. माणूस असावा तर असा. कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश, घरात शिरताना पाय पुसून शिरतो. काष्ठौषधींच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर आहे. तोंड सरळ माझ्याकडे करून हळू बोलतो, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. पोटच्या पोरीला एवढी अक्कल नाही, ती खाली बघून बोलते.

तोच म्हणाला, "बाबा, आईंचे डोळे उतरलेत. झोप लागत नाही का?"

म्हटलं, "रात्रभर स्वयंपाकघरात बसून असते. दाराची राखण करते."

"कुठल्या दाराची?"

"मागच्या."

तो हसला. "बघतो मी काहीतरी. औषधाची गोळी नको, झाडपाल्याचं देतो. अपाय नाही."

ही मध्येच म्हणाली, "मला काही नको. वय झालं की झोप कमी होते." पोरगीही म्हणाली, "राहू दे ना हो." दोघींचं एकदम. चांगलं कुणी काही करायला गेलं की बायकांना खपत नाही.

जेवताना मायलेकींचे हातवारे. ही खात्यातली बोली आहे. तिथे मागांच्या आवाजात गळा फाडला तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळं हातांनी. पोटावरून हात फिरवला की मालक आला. दोन मुठी जुळवून झटक्यात लांब केल्या की धागा तुटला. दोन बोटं कातरीसारखी चालवली की कापला. पोरगी खात्यातच रांगायला शिकली, तिला बोलण्याआधी ते येत होतं. आज ताटावर हिने विचारलं काहीतरी, तिने पोटावरून हात फिरवला. मला हसू आलं. मालक मीच की घराचा!

जावईबापूंना आवडलं नाही. "हे काय माकडचाळे, जेवताना?" म्हणाले. बरोबर आहे. पोरीने हात खाली घेतले. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या घालून येते. म्हणते फॅशन आहे.

१०, सोमवार

जायफळाने सुरुवात. दुधात उगाळून, जावईबापूंनी सांगितलं तसं. ही प्यायली, तोंड वाकडं केलं, आणि स्टुलावर जाऊन बसली. सकाळी माझंच डोकं जड. कपबशांची अदलाबदल झाली असावी. नाहीतर तिने केली.

१३, गुरुवार

वारा फिरला, थंडी पडली. जायफळ वाया. खसखस वाया. कसली तरी पिवळी सुकी फुलं दिली होती चहात घालायला, त्याने फक्त चहा वाया.

दुपारी गोदामात गेलो. अर्धा दिवस ताग्यांवरचे लोंबते धागे कापायचं काम अजून करतो, हात बसलेला आहे. खिशात कातर नसेल तर मला कपडे घातल्यासारखं वाटत नाही. नवीन पोरं विचारतात, आजोबा, धागा तुटलाय की कापलाय हे तुम्हाला कसं कळतं? अरे, डोळे आहेत ना! तुटलेल्या टोकाला रुवा सुटतो, शेपटीसारखा. कापलेलं टोक सपाट. तुटला तर मागाचा दोष, कापला तर माणसाचा. या एका गोष्टीवर खात्यात माणसं कामावरून गेलेली आहेत.

येताना शेजारची शिंपीण फाटकात उभी होती. तिचे कान चांगले, जीभ त्याहून चांगली. म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे रात्री पाहुणे फार येतात हो."

म्हटलं, "आमच्याकडे? कुत्रंसुद्धा येत नाही."

"कान गेले ते गेले, डोळे पण दिले का कुणाला?"

मी म्हटलं, "तुमच्या सुईत दोरा ओवा आधी." बाईच्या तोंडी लागू नये.

पण दूध कमी होतंय हे खरं. पाव पण. आज सकाळी चटई ओली पुसून वाळत टाकलेली. मी हिला म्हटलं, मांजर आत घेतेस तू रात्री. म्हणाली, हो, मांजर आहे, अशक्त आहे, राहू द्या. म्हणजे झोप नाही आणि वर मांजराची बाळंतपणं.

१६, रविवार

जावईबापूंनी बूट काढायच्या आधी विचारलं, "मग, लागली का झोप आईंना?" किती काळजी! माझ्या पोटच्या पोरीने आल्यापासून तोंड उघडलं नाही.

तगराच्या मुळ्या आणल्या त्यांनी. वास असा की महिनाभर न धुतलेले मोजे उकळतोय. म्हणाले, "वासावर जाऊ नका, घोडा झोपेल याने." मी म्हटलं, "घोडा झोपेल हो, ही गाढव आहे." पोट धरून हसले. पोरगी हसली नाही. तिच्या ओठाला खपली होती. विचारलं तर म्हणे कपाटाचं दार लागलं. लहानपणापासून धडपडी.

दोघं गेल्यावर ही मला म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही का?"

म्हटलं, "काय?"

ताट मांडायला लागली. मग म्हणाली, "काही नाही. जेवून घ्या."

मला माहीत आहे तिच्या मनात काय आहे. मागे पोरगी एकदा पिशवी घेऊन आली होती. राहते म्हणाली. मी तेव्हाच सांगितलं, भांड्याला भांडं लागतं, उचल पिशवी. स्वतः पोहोचवून आलो. जावईबापूंनी चहा पाजला. तेव्हापासून पुन्हा पिशवी आणली नाही, याला म्हणतात एक घाव दोन तुकडे. आमच्या हिने तेव्हा दोन दिवस तोंड फिरवून ठेवलं होतं. फिरव. मला काय, तेवढीच शांतता.

१८, मंगळवार

तगराचा काढा रोज करून देतो. पिते. तरी बसते. मला वाटलं औषध खोटं. आज खिडकीतली कुंडी बघितली, झाडाने माना टाकलेल्या. म्हणजे काढा तिकडे जातोय! घरात शांत झोप लागलीय ती फक्त त्या झाडाला.

समोर उभं करून प्यायला लावला. "गीळ." प्यायली. माझ्याकडे अशी बघत होती की जसा मी तिला विहिरीत ढकलतोय. एका काढ्याचा केवढा तमाशा.

१९, बुधवार

ढिम्म. प्यायली तरी बसलीच. डुलक्या काढत होती स्टुलावर, तोंडावर पाणी मारायची आणि परत बसायची. झोप येत नाही म्हणणाऱ्या बाईने तोंडावर पाणी का मारावं? विचारलं तर म्हणे, गरम होतंय. या थंडीत!

२२, शनिवार

आता हे नवीन. सकाळी उठलो तर ही खाटेवर, झोपलेली, बऱ्याच दिवसांनी. मी खूश. मग बघतो तर पायाच्या अंगठ्याला धागा बांधलेला. आपल्याच घरातला, लाल, काठाचं पक्कं दुहेरी सूत, मी खात्यातून आणलेला रीळ. खाटेवरून खाली लोंबत होता, तिथून जमिनीवरून स्वयंपाकघरात गेलेला. रीळ घरंगळला असणार. मला लोंबता धागा दिसला की हात आपोआप खिशात जातो. कापला. गुंडाळून ठेवला.

उठली तर अंगठा बघून ओरडली. ऐकू आलं नाही पण तोंड एवढं उघडलं की पडजीभ दिसली. "कापलात? कापलात तुम्ही?"

"धागाच आहे. काय सोनं होतं?"

"झोपेसाठी बांधला होता!"

"अंगठ्याला धागा बांधून झोप येते?"

"शिंपीण म्हणाली येते." असं म्हणून माझ्या हातातला रीळ हिसकावून घेतला. मग हळू म्हणाली, "पाया पडते तुमच्या. याला हात लावू नका. याने मला झोपता येतंय."

झोपता येतंय तर येऊ दे. पण गावठी खुळ ते खुळ. शिकलेला जावई औषध देतो ते कुंडीत, आणि शिंपिणीचा दोरा पायात.

२३, रविवार

आज जेवताना सांगितलं मी जावईबापूंना. म्हटलं, तुमची मुळी हरली, शिंपिणीचा दोरा जिंकला. त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं, अंगठा, लाल धागा, रीळ घरंगळत स्वयंपाकघरापर्यंत.

पोरीच्या हातातली बशी पडली, फुटली. धडपडी.

जावईबापूंनी तुकडे स्वतः उचलले. किती शांत माणूस. मग मला विचारलं, "धागा कुठपर्यंत जातो, बाबा?"

"जाणार कुठे. स्वयंपाकघरात."

"मागच्या दारापर्यंत?"

"असेल. बघितलं नाही."

मान हलवली. मग खूप हसले. इतके की डोळ्यांना पाणी आलं. पोरीच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ, आपली आई किती हुशार." ही भिंतीसारखी बसून. विनोद केलेला कळत नाही आमच्याकडे कुणाला.

निघताना मला बाजूला घेतलं आणि एक पुडी दिली. पांढरी बारीक पूड. म्हटलं, मुळी पांढरी कधीपासून झाली? म्हणाले, "शुद्ध केलेली आहे. तगरच, पण अर्क. काढ्यात नको, आई टाकून देतात. चहात घाला, सांगू नका. उद्या संध्याकाळी. पूर्ण पुडी."

मी जिभेवर टेकवून बघितली. कडूजहर, वास काही नाही. जिभेचा तेवढा भाग बधीर झाला. पण ज्याचं काम त्याला ठाऊक.

पोरगी दारात चप्पल घालताना आईला हातांनी काहीतरी सांगत होती, घाईघाईत. जावईबापूंनी तिचा हात हातात घेतला आणि हात धरूनच गेले. एवढी वर्षं झाली लग्नाला, अजून हात धरून चालतात. आमच्या वेळी कुठलं.

२४, सोमवार

घातली पुडी चहात. साखर जास्त टाकली. ही म्हणाली, "आज चहा तुम्ही केलात?" आणि बरं वाटल्यासारखी हसली जरा. गटागट प्यायली.

काम करणारी पूड आहे. ताटं धुता धुता झोकांड्या खायला लागली. मी म्हटलं, पड आता. नाही नाही म्हणाली, रीळ घेऊन मागच्या दाराकडे गेली, भिंतीला धरून परत आली, खाटेवर बसून अंगठ्याला गाठ मारायला लागली. बोटं चालेनात. मला म्हणाली, "अहो, एवढी गाठ मारून द्या." कधी नव्हे ते गोड. मारून दिली. विणकराची गाठ, सुटायची नाही. तशीच आडवी झाली. तोंड उघडं टाकून झोपली, लहान पोरासारखी. मला वाटलं उगाच इतके दिवस त्रास काढला.

दिवा घालवायला गेलो तर तो धागा आडवा ताणलेला, खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत, घोट्याएवढ्या उंचीवर. अडकून पडलो असतो, मांडीचं हाड गेलं असतं या वयात. हात लावू नका म्हणाली होती. पण झोपण्यासाठीच होता ना, झोपली की. कापला खाटेजवळ. तिच्या अंगठ्याची गाठ तशीच ठेवली, उगाच सकाळी तमाशा नको.

आता मीही पडतो.

२५, मंगळवार. सकाळ.

जिंकलो! उन्हं आत आली तरी झोपलेली आहे. हलवून बघितलं, नुसती कूस बदलली. जावईबापूंना निरोप द्यायला हवा. जमिनीवरचा धागा मात्र कुठे दिसत नाही. मांजराने नेला असेल.

रात्र.

ही जेवायच्या वेळेला उठली. उठल्या उठल्या अंगठा बघितला. गाठ होती, पुढे वीतभर धागा, संपला. भिंतींवर आपटत मागच्या दाराकडे गेली, दार उघडलं. पायरीवर पोरीची एक चप्पल. ही खालीच बसली.

तेवढ्यात पुढचा लाल दिवा पेटला. शिंपीण. पांढरी पडलेली. ओठ इतके थरथरत होते की वाचता येईनात, दोनदा बोलायला लावलं.

"दवाखान्यात नेलंय तुमच्या पोरीला. रात्री ती तुमच्या मागच्या दाराशी होती. बडवत होती. मी उठून खिडकीत येईपर्यंत नवरा आला तिचा. सावकाश चालत. खांद्यावर हात टाकला आणि घेऊन गेला. मला वाटलं समजूत काढतोय."

मी म्हटलं, "मागच्या दाराशी कशाला आली? पुढे दिवा आहे की. मी उठलो असतो."

शिंपिणीने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी मेलोय आणि मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"तुम्ही उठला असता, भाऊजी," ती म्हणाली. "म्हणूनच."

२६, बुधवार

दवाखाना. जिन्यावरून पडली असं जावईबापू म्हणाले. रात्रभर उशाशी बसून आहेत, दाढी वाढलेली, फळांची पिशवी बरोबर. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारेने बांधलाय वरचा खालचा, दातावर दात. एक डोळा बंद. जिने वाईटच असतात.

मला तिच्याशी बोलायचं होतं. पण तिचे ओठ हलत नाहीत. मी आयुष्यभर ओठ वाचले माणसांचे, आणि इथे काही लिहिलेलंच नाही.

ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी. औषधाची धुंदी अजून गेली नव्हती, दांडीला धरून उभी होती. तिने दोन मुठी जुळवल्या आणि झटक्यात लांब केल्या. मान वर करून विचारलं. तुटला का, धागा?

पोरीने मान हलवता येत नाही म्हणून डोळा हलवला. नाही. मग चादरीखालून हात काढला. दोन बोटं. उघडली, मिटली.

कापला.

जावईबापूंनी तिचा हात धरून चादरीखाली घातला. "हलायचं नाही सांगितलंय ना डॉक्टरांनी," म्हणाले, अगदी मऊ.

ही माझ्याकडे वळली. माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होती, कातर असते त्या.

२८, शुक्रवार

पोलिसातली एक बाई आली होती दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर सगळ्यांना विचारत होती. आमच्या हिने मोठमोठ्याने सांगितलं, मारतो, नेहमी मारतो, रात्री पळून येते माझ्याकडे, मी दार उघडते, चटईवर झोपवते, पहाटे परत जाते. कितीतरी महिने. तिला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. सगळा व्हरांडा बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं.

म्हणजे मांजर नव्हतं.

जावईबापू म्हणाले, "आईंना महिनोन्महिने झोप नाही. भास होतात. बाबांना विचारा, त्यांनीच माझ्याकडून औषध नेलंय."

त्या बाईने मला विचारलं, औषध नेलं का. नेलं. बायको रात्रभर जागी असते का. असते. मुलीच्या अंगावर कधी खुणा बघितल्या का.

मी म्हटलं, "लहानपणापासून धडपडी आहे."

का म्हटलं? इतके दिवस तेच म्हणतोय म्हणून तोंडात बसलं होतं. जावईबापू समोर उभे होते, तोंड माझ्याकडे, मला ओठ वाचता यावेत असे. व्हरांडा बघत होता. आणि दुसरं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कातरीचा आला असता.

बाईने लिहून घेतलं. शिंपिणीला पण विचारलं. तिने बघितलं ते सांगितलं, खांद्यावर हात टाकून सावकाश नेलं. सावकाश नेलं तर मग मारलं कुठे, असं झालं शेवटी.

३०, रविवार

ते आले नाहीत असा हा पहिला रविवार. शिंपिणीकडून कळलं की आज सोडलं दवाखान्यातून. नवरा घेऊन गेला. ही गेली होती फाटकापर्यंत, गाडीच्या काचेवर हात मारत होती म्हणे. काच वर होती.

२, बुधवार

त्यांच्या घराला कुलूप. बिऱ्हाड हलवलं. दुकानातही नाहीत, दुसऱ्या गावच्या शाखेत गेलेत, कुठल्या ते सांगत नाहीत. मी विचारायला गेलो होतो. गल्ल्यावर नवीन माणूस होता. खाली बघून बोलत होता, मला काही कळलं नाही.

ही आता झोपते. काढा नाही, पूड नाही, धागा नाही. दिवेलागणीला पडते ती उन्हं येईपर्यंत. माझ्याशी बोलत नाही. बोलते तेव्हा भिंतीकडे तोंड करून, तिचा जबडा हलताना मागून दिसतो, म्हणजे बोलतेय एवढं कळतं. काय ते नाही.

झोप मला नाही.

पोरगी धागा ओढत असणार. आधी हळू, मग जोरात. आणि तो येत असणार, सरळ, हातात, काही न अडकता. टोक आलं असेल हातात तेव्हा बघितलं असेल तिने. खात्यात रांगलेली पोरगी. अंधारात बोटानेसुद्धा कळतं, रुवा आहे की नाही.

५, शनिवार

टपालाने पुडकं आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आत तगराच्या मुळ्या, वरती चिठ्ठी: बाबा, ऐकलं की आता तुम्हाला झोप लागत नाही. काळजी घ्या. ही सुखरूप आहे.

कुणी सांगितलं त्यांना? मीच. दुकानात त्या नवीन माणसाला म्हणालो होतो, सांगा जावईबापूंना, झोप उडाली माझी.

पुडकं फेकणार होतो. हिने हातातून घेतलं. उकळत ठेवलं. घरभर तो वास. कप माझ्या उशाशी आणून ठेवला. मग जमिनीवर बसली, माझा उजवा पाय मांडीवर घेतला, आणि अंगठ्याला लाल धागा बांधला. गाठ चांगली मारली, माझ्यासारखीच. रीळ सोडत सोडत स्वयंपाकघरात गेली, मागच्या दाराच्या फटीतून टोक बाहेर टाकलं, परत आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी म्हटलं, "अगं, कोण येणार आहे? गाव सोडून गेले ते."

तिला ऐकू आलं नाही. किंवा आलं.

पडून राहिलो. काढा प्यायलो तर झोप लागेल. झोपेत मला ओढलेलं कळेल का? पाय जरा हलला तरी वाटतं, ओढला. दोनदा उठून दार उघडून बघितलं. पायरीवर टोक पडलेलं, लाल.

काढा कुंडीत ओतला. झाड तसंही मेलेलंच आहे.

मग खिशातली कातर काढली, मागच्या दाराने बाहेर जाऊन कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. धागा पायाला होताच. जपून चाललो.